फोटोच्या पाठीवरून फोटोच्या पोटात

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याचे 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात लंडनमध्ये हप्त्याहप्त्याने निघाले. छापील मजकुराला खरे फोटो जोडून विकले गेलेले हे अगदी सुरुवातीचे पुस्तक. त्यात ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजच्या प्रवेशद्वाराचा फोटो आहे आणि त्याच्यासोबतच्या मजकुरात टॅल्बटने एक निरीक्षण नोंदवले आहे. फोटो काढताना ज्या गोष्टींकडे आपले लक्षही नव्हते त्या नंतर भिंगातून पाहताना सापडतात: इमारतींवर कोरलेली साले, भिंतींवर डकवलेल्या जाहिराती, आणि कधी दूरच्या घड्याळाची तबकडी, जिच्यावर त्या क्षणाची वेळ आपसूक टिपलेली असते. फोटोने आपली वेळ आपणच सांगावी ही आस फोटोग्राफीइतकीच जुनी आहे, हे त्यावरून दिसते. पण तबकडीवर तास दिसतो. तारीख दिसत नाही आणि सालही दिसत नाही. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत यंत्राने यातला एकेक तपशील आपल्याकडे घेतला. आधी तारीख, मग तास-मिनिटे-सेकंद, मग अक्षांश-रेखांश. या वाटचालीकडे सहसा निखळ प्रगती म्हणून पाहिले जाते. मला ती तशी वाटत नाही. यंत्राला जे कळत होते ते यंत्र लिहीत गेले, आणि काहीतरी आपोआप लिहिले जाते आहे या भरवशावर माणसाने लिहायचे ते राहून गेले. आज फोनमधल्या फोटोला तो कोणत्या अक्षांशावर निघाला हे ठाऊक असते. त्यात उभी असलेली बाई कोण, हे त्यात कुठेच नसते.

यावर पहिला आक्षेप असा येऊ शकतो की माणसाने लिहिलेल्या मजकुराचा तरी काय भरवसा. आक्षेप रास्त आहे आणि इतिहासात त्याला भरपूर पुरावा आहे. १८४० साली हिपोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःचा, बुडून मेलेल्या माणसाच्या पवित्र्यातला फोटो काढला आणि त्याच्या मागे लिहिले की हे प्रेत बायारचे आहे; सरकारने फोटोग्राफीच्या शोधाबद्दल दागेरला सगळे दिले आणि बायारला काहीच नाही, म्हणून त्या बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला. बायार त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे जगला. फोटोच्या पाठीवर लिहिण्याच्या रीतीच्या आरंभीच हे धडधडीत खोटे आहे. आपल्या मुंबईतले उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्याच काळात इथे काम करणाऱ्या विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचे पुस्तक काढले; पहिला खंड १८६३चा, दुसरा १८६६चा. त्यातली माणसे खरी, मागची ठिकाणेही खरी, पण दोन्ही एकत्र कधीच नव्हती. माणसांचे फोटो वेगळे घेतले गेले, मग ती माणसे कापून शहरातल्या ठिकाणांच्या फोटोंवर बसवली गेली आणि सगळ्याचा मिळून नवा फोटो तयार झाला. या फोटोचे ठिकाण कोणते म्हणून लिहायचे? आजच्या भाषेत बोलायचे तर त्याला दोन लोकेशन आहेत, आणि पाहणाऱ्याला त्यातले एकच दाखवले जाते.

या पुस्तकांतली आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. जॉन्सनचे पुस्तक काय किंवा जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत काढलेले 'द पीपल ऑफ इंडिया' काय, दोन्हींत मजकुराची कमतरता नाही. फोटोतला माणूस कोणत्या जातीचा, धंदा कोणता, त्याच्या जमातीचा स्वभाव कसा, हे पानभर लिहिलेले असते. बहुतेक ठिकाणी नसते ते त्याचे नाव. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले असताना इंडिया ऑफिसात त्यांनी 'द पीपल ऑफ इंडिया' पाहिले आणि आपल्या देशबांधवांचे हे चित्रण पाहून ते व्यथित झाले. तेव्हा माणसाने लिहिलेला मजकूर खोटा असू शकतो आणि अन्यायकारकही असू शकतो, हे मान्यच करायला हवे. पण मजकूर लिहिलेला होता म्हणूनच आज आपल्याला तो तपासता येतो, त्यावर बोट ठेवून हे चूक आहे असे म्हणता येते. बायारचे खोटे त्याच्या हस्ताक्षरात आहे. ज्या फोटोवर काहीच लिहिलेले नाही त्याच्याशी वादसुद्धा घालता येत नाही.

धंदा म्हणून फोटो काढणाऱ्यांना लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड किंवा लाला दीनदयाळ यांच्यासारख्या मोठ्या स्टुडिओंकडे हजारो काचेच्या निगेटिव्ह असत आणि गिऱ्हाईक क्रमांक सांगून प्रिंट मागवी. म्हणून क्रमांक आणि ठिकाणाचे नाव निगेटिव्हवरच घातले जाई. काचेच्या मसाला लावलेल्या बाजूवर शाईने लिहायचे तर अक्षरे उलटी काढावी लागत, तेव्हा कुठे कागदावर ती सुलटी उमटत. शाईतून उजेड जात नाही, म्हणून प्रिंटवर ती पांढरी दिसतात. जुन्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारी ती बारीक पांढरी अक्षरे म्हणजे कुणा कारागिराने उलट्या हाताने घातलेली नोंद. ही युक्ती पक्की होती, कारण जितक्या प्रिंट निघतील तितक्यांवर नोंद आपोआप जाई. पण काचेवर जागा थोडी. क्रमांक आणि चार शब्द, बस. बाकीचे सगळे नोंदवहीत आणि कॅटलॉगात. १९९१ मध्ये बोर्न अँड शेफर्डच्या इमारतीला आग लागली, तिथला बराचसा संग्रह गेला, आणि २०१६ मध्ये स्टुडिओही बंद झाला. जगभरच्या संग्रहालयांत आणि घराघरांतल्या अल्बमांत त्यांच्या प्रिंट आजही आहेत. त्यातल्या ज्यांच्या अंगावर क्रमांक आणि नाव आहे त्यांची ओळख पटते. फोटो आणि त्याची माहिती यांच्यात जितके अंतर, तितका ताटातुटीचा धोका मोठा. पुढच्या सगळ्या शोधांचा रोख हे अंतर मिटवण्याकडे आहे.

त्यातला सर्वात विलक्षण शोध कोडॅकने १९१४ मध्ये बाजारात आणला. हेन्री गेसमन या संशोधकाची ही कल्पना जॉर्ज ईस्टमनने तीन लाख डॉलरला विकत घेतली होती. 'ऑटोग्राफिक' नावाच्या या कॅमेऱ्यांना मागे एक अरुंद झडप असे. फिल्म आणि तिच्या पाठीमागचा कागद यांच्यामध्ये कार्बन पेपरसारखा पातळ थर घातलेला असे. फोटो काढला की झडप उघडायची, कॅमेऱ्यालाच अडकवलेल्या धातूच्या लेखणीने कागदावर दाबून लिहायचे: तारीख, गाव, माणसांची नावे. जिथे लेखणी दाबली जाई तिथला थर उजेड आत सोडू लागे. मग झडप काही सेकंद आभाळाकडे उघडी धरायची, म्हणजे अक्षरे दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीवर फिल्मवरच उमटत, आणि फिल्म धुतली की चित्रासोबत हस्ताक्षरही वर येई. फोटो काढणाऱ्याने, फोटो काढला त्याच जागी उभे राहून, त्याच फिल्मवर केलेली ही नोंद. मजकूर फोटोच्या पाठीवरून पोटात गेला तो इथे. पुढे संगणकाच्या काळात जे जे झाले त्याचे तत्त्व या झडपेत पुरते सापडते. तरीही १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकने हा प्रकार बंद केला. लोकांनी त्याचा फारसा उपयोग केला नाही, असेच त्याबद्दल सांगितले जाते. सोय हाताशी होती, खर्च नगण्य होता, आणि तरी माणसे लिहीत नव्हती. लिहायला जागा नसते म्हणून लिहिणे होत नाही, हे कारण त्या दिवसापासून तरी पुढे करता येणार नाही.

ज्यांना फोटो पुरावा म्हणून वापरायचा होता ते मात्र लिहीत होते, आणि जागा नसेल तिथे जागा करत होते. मुंबईचे फोटोग्राफर नारायण विनायक विरकर यांनी १९१९च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत काढलेले फोटो पाहावेत. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा नुसत्या फोटोत हरवून गेल्या असत्या. विटांना डाग आणि भोके असतातच. म्हणून त्या खुणांभोवती पांढऱ्या रेषा ओढलेल्या आहेत आणि माणसे त्यांच्याकडे बोट दाखवत उभी आहेत. इथे कॅप्शन कागदावर लिहिण्याआधी भिंतीवर लिहिले गेले. फोटोत नेमके काय पाहायचे हे जागेवर हजर असलेला माणूसच सांगू शकतो, आणि ते त्याने तेव्हाच सांगितले नाही तर नंतर कुणी खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे.

वर्तमानपत्रांनी ही शिस्त अंगी बाणवली. असोसिएटेड प्रेसने १९३५ मध्ये तारेवरून फोटो पाठवणे सुरू केले तेव्हा कॅप्शन टाइप करून त्याची पट्टी फोटोच्या कडेला चिकटवत आणि फोटो व पट्टी मिळून एकच चित्र म्हणून रवाना होई. वाटेत मजकूर गळण्याची सोयच नव्हती. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात डिजिटल फोटोसाठी जो ढाचा ठरवला तो या पट्टीचाच पुढचा अवतार: शीर्षक, वर्णन, शहर, राज्य, देश, फोटोग्राफर, मुख्य शब्द, प्रत्येकासाठी फाइलच्या आत वेगळा रकाना. फोटोशॉपने तो ढाचा स्वीकारला आणि तो जगभर रुळला. पण या रकान्यांची लांबी बाइटमध्ये बांधलेली होती. शहराच्या नावाला ३२ बाइट. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे ३२ पुष्कळ झाले. देवनागरीत, आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत, प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्ताला तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हे. 'कोल्हापूर' बसते, २७ बाइटमध्ये. 'पिंपरी-चिंचवड' ३७ बाइट मागते, ते बसत नाही. 'छत्रपती संभाजीनगर' ४९ बाइटचे. वर्णनाला २००० बाइट दिलेले आहेत, म्हणजे मराठीत साडेसहाशेच्या आसपास चिन्हे. कुणी दुष्टपणाने केलेली ही गोष्ट नाही. रकाने आखणाऱ्यांसमोर आपली लिपी नव्हती, इतकेच.

कॅमेऱ्याच्या बाजूनेही हेच घडले. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९९५ मध्ये एक्झिफ हे मानक काढले आणि कॅमेरा स्वतः फाइलमध्ये लिहू लागला: कॅमेऱ्याचे मॉडेल, उघडझापेचा वेळ, छिद्राचे माप, तारीख, वेळ. वर्णनाचा रकाना होता, पण त्यात अधिकृतपणे फक्त रोमन वर्णमाला चाले. शेऱ्यासाठी एक वेगळा रकाना ठेवला, त्यात जपानी लिपीची सोय जपान्यांनी करून घेतली आणि युनिकोडलाही वाट ठेवली. मुख्य रकान्यांत यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी, अधिकृतपणे आल्या त्या २०२३ मध्ये, एक्झिफच्या तिसऱ्या आवृत्तीत. अठ्ठावीस वर्षे गेली. मध्यंतरी २००१ मध्ये अडोबीने एक्सएमपी ही नवी पद्धत आणली होती. तिच्यात लांबीचे बंधन नाही, आणि एकाच वर्णनाच्या रकान्यात मराठी मजकूर आणि इंग्रजी मजकूर, प्रत्येकावर भाषेची खूण घालून, शेजारी-शेजारी ठेवता येतो. ही सोय मराठी संग्रहांनी, इतिहास मंडळांनी, नियतकालिकांनी किती थोडी वापरली आहे याची मला खंत वाटते. आपल्याकडे अजूनही गावाचे नाव रोमन लिपीत, तेही तीन-तीन प्रकारे लिहिले जाते, आणि मग शोधताना तिन्ही वेगवेगळी गावे होऊन बसतात.

यंत्राने लिहिलेले तरी निर्विवाद असते का? एक्झिफच्या वेळेच्या रकान्यात साल, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे सगळे आहे. ही वेळ कोणत्या देशाची, हे सांगायला २०१६ पर्यंत रकानाच नव्हता. डिसेंबरात पुण्यात सकाळी आठ वाजता लागलेल्या लग्नाचे फोटो न्यू जर्सीहून आलेल्या पाहुण्यांनी घड्याळ न बदलता काढले, तर फाइलवर आदल्या रात्रीचे साडेनऊ पडतात. मोडी पत्रांवर काम करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर चंद्र (म्हणजे महिन्यातला दिवस) आणि महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. त्या न लिहिलेल्या सालापायी आपल्या संशोधकांनी पत्रातला मजकूर इतर कागदांशी ताडत वर्षे खर्ची घातली आहेत.

जागेचे तसेच. अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएसच्या नागरी संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरच्या आसपास चुकणारे ठिकाण वीसेक मीटरवर आले. २००६ मध्ये फ्लिकरने फोटो नकाशावर टाकण्याची सोय दिली तेव्हा पहिल्याच दिवसात दहा लाखांहून अधिक फोटो लोकांनी हाताने नकाशावर नेमून ठेवले; म्हणजे हे काम हौसेने करणारी माणसे होती. दोनच वर्षांत फोनमध्ये जीपीएस आले आणि ते काम आपोआप होऊ लागले. पण जीपीएस सांगते ते कॅमेरा कुठे होता एवढेच. राजगडावरून काढलेल्या तोरण्याच्या फोटोवर राजगडाचे अक्षांश-रेखांश असतात. मालवणच्या किनाऱ्यावरून काढलेला सिंधुदुर्ग नकाशावर मालवणात पडतो. फोन कॅमेऱ्याची दिशाही लिहून ठेवतो, तरी त्या दिशेला फोटोचा विषय किती दूर आहे हे त्याला कळत नाही. आयपीटीसीने २००८ मध्ये हे ओळखून दोन स्वतंत्र रकाने केले: फोटो काढला ते ठिकाण आणि फोटोत दिसते ते ठिकाण. पहिला यंत्र भरते. दुसरा माणसालाच भरावा लागतो, आणि तो बहुधा रिकामा असतो. त्याच वेळी फोटोतल्या व्यक्तीच्या नावासाठीही रकाना दिला गेला. 'द पीपल ऑफ इंडिया'ने जे गाळले, त्यासाठी आता अधिकृत जागा आहे.

ठिकाण लिहिणेच धोक्याचे आहे, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. २०१२ मध्ये पोलीस शोधत असलेल्या जॉन मॅकॅफी या अँटिव्हायरस उद्योजकाचा ठावठिकाणा एका मासिकाने छापलेल्या फोटोतल्या अक्षांश-रेखांशांवरून जगाला कळला. तो ग्वातेमालात निघाला. घरच्या मुलांचे फोटो, दुर्मीळ पक्ष्याचे घरटे, यांवरचे नेमके ठिकाण सर्वांना दिसू नये हे उघड आहे. पण लिहिणे आणि जाहीर करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची नोंद पूर्ण ठिकाणासह होते, सर्वांना मात्र ते धूसर करून दाखवले जाते. अभ्यासाचे नुकसान होत नाही आणि प्राण्याचेही नाही. उलट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ठिकाण गळते, तसे फोटोग्राफरचे नाव आणि वर्णनही गळते. सुरक्षिततेच्या नावाखाली ओळखच पुसली जाते आणि उरते ते हातोहात फिरणारे निनावी चित्र, ज्यावर कुणीही उद्या कोणतेही गाव आणि कोणतीही दंगल चिकटवू शकतो.

आणखी एक म्हणणे आजचे आहे: आता संगणक फोटो पाहून ओळखतो, मग लिहायचे कशाला. तो ओळखतो हे खरे. 'किल्ला', 'बैलगाडी', 'नऊवारीतली स्त्री', 'लग्नसमारंभ' असे शब्द तो क्षणात लावतो आणि त्यांनी शोधणे सोपे होते, हे मी नाकारत नाही. पण हे शब्द १८६८च्या त्या खंडांतल्या मथळ्यांच्या जातीचे आहेत. ते प्रकार सांगतात, माणूस सांगत नाहीत. संगणकाला ज्ञात असलेले चेहरे तो ओळखेल. पण कुणाच्या तरी आत्याचे नाव आधी कुणीतरी माणसाने लिहिलेले असल्याशिवाय त्याला कुठून कळणार?

घरोघरच्या जुन्या फोटोंच्या बाबतीत तर यंत्राची नोंद उघड दिशाभूल करते. साठ वर्षांपूर्वी स्टुडिओत काढलेल्या लग्नाच्या फोटोचा फोनने फोटो घेतला की फाइलवर आजची तारीख आणि आजच्या घराचे अक्षांश-रेखांश चढतात, आणि ते लग्न यंदाच्या दिवाळीच्या फोटोंत जाऊन बसते. नोंदीतला प्रत्येक आकडा खरा आहे आणि त्या लग्नाबद्दल त्यातला एकही खरा नाही. मूळ फोटोच्या पाठीवर मात्र निळ्या शाईत नावे असतात, क्वचित गाव असते, स्टुडिओचा शिक्का असतो. तेव्हा पाठीचाही फोटो घ्यावा, आणि तिथला मजकूर जसाच्या तसा, मराठीत, वर्णनाच्या रकान्यात उतरवावा. हजारो फोटोंना हे कधी करणार, असे विचारले जाते. पण एका लग्नाच्या चाळीस फोटोंना गाव आणि साल एकदम घालता येते, एकेकटे लिहायची असतात ती फक्त नावे. साल नक्की माहीत नसेल तरी अडत नाही. एक्सएमपीमध्ये नुसते '१९६२' एवढीच तारीख ठेवता येते, आणि आयपीटीसीच्या जुन्या ढाच्यातही महिना आणि दिवस यांच्या जागी शून्ये घालण्याची मुभा आहे. '१९६२च्या सुमारास, आजीच्या सांगण्यावरून' हे शब्द वर्णनात लिहिले की पुढच्या वाचणाऱ्याला माहिती मिळते, आणि तिच्यावर किती विसंबायचे हेही कळते.